योसेफाची गोष्ट कोणीं सांगावी?

दुःखितांचें सांत्वन करणें हें ख्रिस्ती मंडळीचें नित्याचें काम आहे. मयताच्या घरीं, आजाऱ्याच्या खाटेजवळ, पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आपले पाळक व बायबल स्त्रिया जातात, शास्त्रांतील एखादी गोष्ट वाचितात, प्रार्थना करितात, आणि बहुतेक वेळां त्या घरांतलीं माणसें धीर पावतात. परंतु एक दुःख असें आहे कीं त्याच्यापुढें आपली नेहमींची रीत अपुरी पडते, आणि कधीं कधीं अपायही करिते. तें दुःख म्हणजे ज्या मनुष्याला दुसऱ्या मनुष्यानें विकलें त्याचें. अशा मनुष्यास शास्त्रांतील गोष्टींनीं समाधान देतां येतें काय, आणि येत असल्यास तें कोणत्या रीतीनें द्यावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

माणसें विकण्याचा काळ गेला, आतां हा प्रश्न कशाला, असें कोणी विचारील. भारताच्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें माणसांचा अपव्यापार व वेठबिगार ह्यांस मनाई केली आहे. १९५६ सालीं अनैतिक व्यापाराविरुद्ध आणि १९७६ सालीं बंधबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदे झाले. तरी कायदा झाला म्हणजे पाप सरलें असें होत नाहीं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें सहकारी संस्थांसह २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, २०२१ सालीं जगांत सुमारें ४ कोटि ९६ लक्ष माणसें सक्तीच्या मजुरींत किंवा सक्तीच्या विवाहांत अडकलेलीं होतीं. उघड्या बाजारांत लिलाव होत नाहीं, इतकाच फरक. आतां ओळखीची बाई घरीं येते आणि मुलीला शहरांत घरकाम मिळवून देतें म्हणते. एखादा तरुण लग्नाचें वचन देतो. मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत सारें कुटुंब वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडांत अडकून पडतें. योसेफालाही अनोळखी दरोडेखोरांनीं नेलें नव्हतें. विकणारे त्याचे सख्ख्या नात्याचे होते.

अशी एखादी मुलगी दोन-चार वर्षांनीं सुटून गांवीं परत येते. गांव तिच्याकडे कसें पाहतो हें वाचकांस सांगावयास नको. मंडळींतील चांगलीं माणसें मात्र तिला भेटावयास जातात, आणि तिला काय सांगावें असा विचार मनांत येतांच त्यांना योसेफ आठवतो. आठवणें साहजिक आहे. सतरा वर्षांचा मुलगा, वीस रुप्याच्या नाण्यांना विकला गेला, परक्या देशीं नेला गेला, तेथें त्याच्या शरीराचा लोभ धरणाऱ्या धनिणीनें त्याच्यावर खोटा आळ घातला, आणि अपराध नसतां तो तुरुंगांत पडला. ह्याहून जवळची गोष्ट कोणती? म्हणून ती सांगितली जाते, आणि बहुधा अर्ध्या तासांत सांगितली जाते. खड्डा, पोटीफराचें घर, तुरुंग, फारोचें सिंहासन. आणि शेवटीं तात्पर्य असें कीं, बाई, मनुष्यांनीं तुझें वाईट योजिलें, पण देवानें त्यांतून चांगलें योजिलें. आतां रडूं नकोस, झालें गेलें विसर, आणि त्यांना क्षमा कर.

सांगणाऱ्याचा हेतु निर्मळ असतो. तरी ही गोष्ट जशी लिहिली आहे तशी सावकाश वाचून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायांत योसेफ खड्ड्यांत टाकला जातो, आणि त्याचे भाऊ खालीं बसून भाकर खातात. त्या मुलानें काय म्हटलें, तो ओरडला कीं नाहीं, ह्याविषयीं तेथें एक अक्षरही नाहीं. त्याची ती आरोळी आपल्याला ऐकूं येते ती ४२ व्या अध्यायांत, वीसांहून अधिक वर्षांनीं, जेव्हां त्याचे भाऊच एकमेकांस कबूल करितात कीं तो काकुळतीनें विनवीत होता आणि आपण ऐकलें नाहीं. म्हणजे विकल्या गेलेल्या मनुष्याची आरोळी पुष्कळदां फार उशिरां कानीं येते, हें शास्त्रालाही ठाऊक आहे. जी मुलगी आज कांहीं बोलत नाहीं, ती कांहीं सोसून आली नाहीं असें समजूं नये.

पुढें ४० व्या अध्यायांत योसेफ तुरुंगांत प्यालेबरदाराशीं बोलतो. तेथें तो देवाच्या गूढ योजनेचें नांव काढीत नाहीं. आपल्याला आपल्या देशांतून चोरून आणलें, आणि येथेंही आपण कैदेस पात्र होईल असें कांहीं केलें नाहीं, इतकेंच तो स्पष्ट सांगतो. देव त्याच्याबरोबर होता असें ज्या वृत्तांतांत वारंवार लिहिलें आहे, त्याच वृत्तांतांत हा देवभीरु तरुण आपल्यावर झालेल्या अन्यायाला चोरी हेंच नांव देतो. मग तिसाव्या वर्षीं तो फारोपुढें उभा राहतो, अधिकारी होतो, त्याला पुत्र होतात. तरी धाकट्याचें नांव ठेवितांना तो मिसराला आपल्या क्लेशाचा देश म्हणतो. अंगावर तलम वस्त्रें आणि गळ्यांत सोन्याची सांखळी असतांना तो असें म्हणतो. आणि तो रडतो. भावांपासून तोंड फिरवून रडतो, खोलींत जाऊन रडतो, शेवटीं सगळ्या मिसरी लोकांना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें रडतो. राज्यपद मिळालें म्हणून त्याचें रडणें संपलें नाहीं.

देवानें आपल्याला पुढें पाठविलें, असें योसेफ पहिल्यानें केव्हां म्हणतो? शास्त्रांतील वर्षांची बेरीज केली तर तेव्हां तो सुमारें ३९ वर्षांचा आहे. विकला गेल्याला २२ वर्षें झालीं आहेत. आणि मनुष्यांनीं वाईट योजिलें, देवानें चांगलें योजिलें, हें जें वचन आपण इतक्या सहज उच्चारतों, तें तर तो बापाच्या मरणानंतर, म्हणजे आणखी १७ वर्षांनीं बोलतो. तें कोणाशीं बोलतो हेंही पाहावें. तो तें आपल्या अपराधी भावांशीं बोलतो, त्यांचें भय जावें म्हणून. तें वचन नुकत्याच विकल्या गेलेल्या मुलाला दुसऱ्या कोणीं ऐकविलेलें नाहीं.

आतां अशी कल्पना करावी कीं, दोथानाहून मिसराकडे जातांना त्या उंटांच्या तांड्यांतील एखादा इश्माएली व्यापारी रडणाऱ्या योसेफाला म्हणाला असता, मुला, उगा राहा, देव तुला मोठ्या पदाला नेत आहे. शब्द खरेच ठरले असते. तरी त्या तोंडून तें एक क्रूर असत्य झालें असतें, कारण त्यानें मुलाची आरोळी बंद झाली असती आणि व्यापाऱ्याचा प्रवास सुखाचा झाला असता. म्हणून कांहीं सत्यें अशीं असतात कीं तीं कोणाच्या तोंडून निघतात ह्यावर त्यांचें सत्यपण अवलंबून असतें. योसेफाच्या दुःखाचा अर्थ योसेफानें सांगितला, तेव्हां ती साक्ष झाली. तोच अर्थ दुसऱ्यानें त्याच्यावर लादला असता, तर ती दुसरी बेडी झाली असती.

ही नुसती कल्पना नव्हे. इतिहासांत असें घडलें आहे. १८०७ सालीं लंडन शहरांत एक विलक्षण बायबल छापण्यांत आलें. ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांतील मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांकरितां तें होतें, आणि त्यांत पवित्र शास्त्राचे निवडक भागच घेतले होते. इस्राएल लोक मिसराच्या दास्यांतून सुटले तो वृत्तांत त्यांतून गाळला होता. ख्रिस्ताच्या ठायीं दास व स्वतंत्र असा भेद नाहीं, ह्या अर्थाचें गलतीकरांस पत्रांतील वचनही गाळलें होतें. परंतु योसेफ विकला गेला आणि परक्या घरीं इमानानें राबून भरभराटीस आला, ही गोष्ट मात्र ठेविली होती; दासांनीं धन्यांच्या आज्ञेंत राहावें, हा उपदेशही ठेविला होता. ज्या गोष्टीनें बंदिवानाला धीर यावा, तीच गोष्ट बंदिखान्याच्या कामीं लाविली गेली. ह्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या राहतो. अमेरिकेंतील प्रसिद्ध उपदेशक हॉवर्ड थर्मन ह्यांची आजी गुलामगिरींत वाढलेली होती. तिला वाचतां येत नसे, म्हणून नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. परंतु पौलाचीं पत्रें ती बहुधा वाचूं देत नसे, कारण धन्यानें आणलेला उपदेशक त्याच पत्रांतून दासांच्या आज्ञापालनाचा उपदेश वारंवार करी. ही हकीकत थर्मन ह्यांनीं १९४९ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केली आहे. त्या वृद्ध स्त्रीनें देवाला सोडलें नव्हतें. देवाच्या नांवानें जें तिच्या गळ्यांत अडकविलें होतें, तें तिनें काढून ठेविलें होतें.

ह्यावर एक भाविक मनुष्य असा आक्षेप घेईल: देव वाइटांतून चांगलें काढितो हें सत्य नव्हे काय? आणि सत्य असल्यास तें दुःखितापासून लपवावें काय? आमचें उत्तर असें कीं, तें सत्य आहे आणि लपवूंही नये. परंतु देव वाइटांतून चांगलें काढूं शकतो, असें म्हणणें एक, आणि तुझ्यावर जें गुदरलें तें चांगल्यासाठींच गुदरलें, असें अमक्या मुलीला सांगणें दुसरें. पहिलें देवाविषयींचा विश्वास आहे. दुसरा एका मनुष्याच्या जीवनाविषयींचा निवाडा आहे, आणि तो करण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं मित्राचें काम केलें. तोंड उघडून ते देवाचा पक्ष मांडूं लागले तेव्हांपासून बिघडलें. आणि शेवटीं देवानें आपला कैवार घेणाऱ्यांना दोष दिला व तक्रार करणाऱ्या ईयोबाला यथार्थ बोलणारा ठरविलें. शिवाय योसेफाच्या त्या वचनाचे भाग दोन आहेत. तुम्हीं वाईट योजिलें, हा पहिला भाग तो गिळून टाकीत नाहीं. घाईचें सांत्वन नेमका तोच भाग गाळतें.

दुसऱ्या गोष्टीही सावधपणें वापराव्या. नामानाच्या घरची इस्राएली मुलगी आपल्या रविवारच्या शाळांतून फार आवडती आहे. तिनें धन्याचें बरें व्हावें अशी इच्छा केली, म्हणून ती विश्वासू सेवकाचा नमुना समजली जाते. परंतु ती लढाईंत पकडून आणलेली लहान मुलगी होती, तिचें नांवही लिहिलेलें नाहीं. आणि नामान बरा होऊन आपल्या घरीं परत गेला, पण ती आपल्या घरीं परत गेली असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. पकडून नेलेल्या मुलीला ही गोष्ट सांगून, तूंही धन्याचें कल्याण चिंतावें होतेंस, असें सुचविणें हा जुलूम होय. उलट, ती मुलगी पुढें कोठें गेली असेल, असें आपण तिच्याबरोबर बसून विचारूं शकतों. कदाचित् तो प्रश्न तिच्या मनांत आपल्याआधींच आला असेल.

हागारेच्या गोष्टींत तर औषध आणि विष शेजारींशेजारीं आहेत. अब्राम व साराय आपसांत बोलतांना तिला दासीच म्हणतात. त्यांच्या तोंडीं तिचें नांव एकदांही येत नाहीं. रानांत देवाचा दूत प्रथम तिला नांवानें हाक मारितो, आणि तूं कोठून आलीस व कोठें जातेस, असें विचारितो. जिला कोणी माणूस म्हणून पाहिलें नव्हतें, तिनें आपल्याला पाहणारा देव असें देवाचें नांव ठेविलें. विकल्या गेलेल्या मनुष्याला ह्याहून मोठें समाधान क्वचितच मिळेल. परंतु त्याच अध्यायांत तिला परत धनिणीकडे जाण्यास सांगितलें आहे. तें वाक्य धरून पळून आलेल्या सुनेला किंवा मजुराला परत पाठविणारे आजही भेटतात. त्यांनीं अनुवादाचा २३ वा अध्याय वाचावा. धन्यापासून पळून आलेल्या दासाला परत स्वाधीन करूं नये, त्याला आवडेल त्या गांवीं राहूं द्यावें, अशी तेथें इस्राएल लोकांस उघड आज्ञा आहे. एका स्त्रीच्या संकटांतील एका वेळची वाट हा सर्वांसाठीं नियम नव्हे. ही आज्ञा मात्र नियम म्हणूनच दिलेली आहे.

क्षमेविषयींही दोन शब्द बोलणें अगत्याचें आहे. योसेफानें क्षमा केली, म्हणून तूं कर, असें आपण लगेच म्हणतों. परंतु योसेफानें भावांना पाहतांच गळ्याशीं धरिलें नाहीं. त्यानें त्यांची पारख केली. बन्यामिनाच्या ऐवजीं मला दास करून ठेवा, असें ज्या यहूदानें विकण्याची युक्ति काढिली होती तोच यहूदा म्हणाला, तेव्हां योसेफाला रडूं आवरलें नाहीं. क्षमा ही आंतून येणारी देणगी आहे. ती कर्जाप्रमाणें वसूल करितां येत नाहीं. शिवाय गांवांत क्षमा कर ह्याचा अर्थ पुष्कळदां फिर्याद मागें घे असा होतो. दलाल जर ओळखीचा, जातभाई किंवा मंडळींतला असला, तर तसा दाब अधिकच पडतो. मनुष्य चोरून विकणाऱ्याला निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत देहदंड सांगितला आहे. दरिद्र्याला एका जोड्याच्या मोलानें विकणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्यानें देवाचा कोप उच्चारला आहे. हीं वचनें पीडितापेक्षां पंचांना वाचून दाखविणें अधिक गरजेचें आहे.

तर मग गोष्टी सांगाव्या कशा? आमच्या मतें पहिला नियम हा कीं, आधीं ऐकावें. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूनें त्या दोघां खिन्न शिष्यांना प्रथम विचारिलें, त्यांचें सगळें ऐकून घेतलें, आणि मग शास्त्र उलगडिलें. ज्याला सर्व ठाऊक होतें त्यानें जर विचारिलें, तर आपण ज्यांना कांहींच ठाऊक नाहीं त्यांनीं किती विचारावें? मात्र विचारणें म्हणजे खोदून काढणें नव्हे. ती सांगेल तितकें ऐकावें, सांगणार नाहीं तें सोडून द्यावें.

दुसरा नियम हा कीं, गोष्ट पुरी सांगावी, पण शेवटाकडे धांवूं नये. खड्ड्यापाशीं थांबावें. तुरुंगांत थांबावें. ऐकणारीला कोठें थांबावेंसें वाटतें तें तिला ठरवूं द्यावें. कोणाला योसेफ नको असेल आणि ८८ वें स्तोत्र हवें असेल, जें अंधारांतच संपतें. तेंही पवित्र शास्त्रच आहे. कोणाला कोणतीच गोष्ट नको असेल, एक वाटी भात आणि दाराला आंतून कडी असलेली खोली हवी असेल. तेंही द्यावें, आणि त्याला सुवार्तेहून हलकें समजूं नये.

तिसरा नियम हा कीं, तिच्या दुःखाची साक्ष सभेंत मागूं नये. उत्सवाच्या मांडवांत अशा मुलीला उभी करून तिच्याकडून हकीकत वदविणें, तिचें चित्र छापून वर्गणी गोळा करणें, ह्यांत हेतु कितीही चांगला असो, जिचें शरीर एकदां विकलें गेलें तिचें दुःख दुसऱ्यांदा बाजारांत मांडलें जातें. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांची ओळख प्रकट करण्यास आपल्या देशाच्या कायद्याचीही मनाई आहे.

चौथा नियम हा कीं, गोष्ट जेथें सुटते तेथून मंडळीनें ती हातांत घ्यावी. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायांत फिलिप्पै येथील एक दासी आहे. तिच्या अंगांतील आत्म्याच्या जोरावर तिचे धनी पैसा मिळवीत. पौलानें तिला त्यापासून मुक्त केलें, आणि कमाई बुडाली म्हणून धन्यांनीं पौल व सीला ह्यांना धरून चावडीवर नेलें. तेथें त्यांनीं पैशाचें नांव काढिलें नाहीं. हे परके लोक आपल्या चालीरीती बिघडवितात, असा कांगावा केला. हा कांगावा आजही ओळखीचा आहे. परंतु त्या दासीचें पुढें काय झालें? जी धन्यांच्या उपयोगाची राहिली नाहीं, तिला जेवूं कोणीं घातलें? लुदियेचें घर त्याच गांवांत होतें. तिला तेथें आसरा मिळाला असेल अशी आशा आपण करितों, परंतु शास्त्र तेथें मुकें आहे. तें कदाचित् अशासाठीं असेल कीं त्याचें उत्तर प्रत्येक गांवच्या मंडळीनें द्यावें.

महाराष्ट्रांत एका बाईनें तें दिलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि निराधार विधवा व मुली ह्यांना घेऊन आल्या, कारण भुकेल्या मुलींच्या शोधांत दुसरेही लोक फिरत असतात हें त्या जाणून होत्या. केडगांवास मुक्तिसदन उभें राहिलें, आणि ज्यांना पतित म्हणून समाजानें टाकिलें होतें त्यांच्याकरितां कृपासदन. तेथें शास्त्र शिकविलें जाई, आणि त्याबरोबर शेती, विणकाम व छापखान्याचें कामही शिकविलें जाई. रमाबाईंनीं केलेलें संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर त्याच छापखान्यांत छापलें गेलें, आणि त्या कामांत आश्रमांतील स्त्रियांचे हात होते. टाकलेल्या स्त्रियांना योसेफाची गोष्ट ऐकविली जाणें निराळें, आणि त्यांनीं स्वतःच्या हातांनीं तिचे खिळे जुळवून ती दुसऱ्यांसाठीं छापणें निराळें. समाधानाची खरी दिशा ही आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपला प्रभु स्वतः तीस रुप्याच्या नाण्यांना विकला गेला. निर्गमाच्या नियमशास्त्रांत बैलानें मारलेल्या दासाची भरपाई तेवढीच ठरविली आहे. मेलेल्यांतून उठल्यावरही त्याच्या हातांवरचे व्रण गेले नव्हते, आणि ते त्यानें थोमाला आपण होऊन दाखविले. कोणीं ओढून दाखविले नाहींत. ज्यांना विकलें गेलें त्यांचे व्रण त्यांचेच आहेत. ते केव्हां दाखवावे, त्यांचा अर्थ काय सांगावा, आणि तो सांगावा कीं न सांगावा, हा हक्क त्यांच्यापासून आपण सांत्वनाच्या नांवानें हिरावून घेऊं नये. आपण त्यांना नांवानें हाक मारावी, दार उघडें ठेवावें, दलालाला मंडळींत मान देऊं नये, आणि योसेफाची गोष्ट वाचावयाची झाल्यास हळू वाचावी. देवानें चांगलें योजिलें, हें वाक्य जेव्हां यावयाचें तेव्हां त्यांच्या तोंडून येईल. तें बावीस वर्षांनीं आलें तरी चालेल. आणि आलेंच नाहीं, तरी देवाचें कांहीं अडत नाहीं, आणि आपली त्यांच्यावरील प्रीतिही तितकीच राहिली पाहिजे.